उद्धारकाची घरओढ

आफ्रिकेच्या विकासाला हातभार लावायला पुण्याहून नैरोबीला गेलेला इंटर्न आठवडा उलटायच्या आत आईला फोन करून मुसमुसतो. आई विचारते, ‘ऊन फार आहे का रे?’ शहर महाबळेश्वरापेक्षा उंचावर. जुलैत स्वेटर लागतो! जेवणाचे हाल म्हणावेत, तर चपाती नि दुधाचा चहा रस्त्यावर मिळतो. आणि प्रकल्प कसला? लोकांना मोबाइलवरून पैसे पाठवायला शिकवायचं. तिथे एम-पेसा ही नेमकी तीच सेवा २००७ पासून आहे. आपलं यूपीआय आलं २०१६ मध्ये. कोणी कोणाला शिकवलं, हे प्रमाणपत्रावर छापत नाहीत. घरची आठवण मात्र खरी (रात्री आठनंतर तर फारच खरी), तिची थट्टा नको. तेव्हा पालकहो, सामानात मेतकूट जरूर भरा; उद्धाराची जबाबदारी तेवढी घरीच काढून ठेवा.