मंगळवारची खोली

लास वेगासला फुकटात राहून येण्याचा एक राजमार्ग आहे आणि तो आपल्या खिशातल्या फोनमधून जातो. ‘मायवेगास’ नावाचा खेळ फोनवर घ्यायचा. त्यात स्लॉट मशिनं असतात. बटण दाबलं की चित्रं गरगर फिरतात, थांबतात, काही जुळतात, बहुतेक जुळत नाहीत. खरे पैसे लावायचे नाहीत. खोट्या चिप्स लावायच्या, खोट्याच जिंकायच्या आणि खोट्याच हरायच्या. मात्र खेळता खेळता थोडे थोडे गुण साठत जातात, आणि ते खरे. पुरेसे साठले की त्यांच्या बदल्यात खऱ्या लास वेगासमधल्या खऱ्या हॉटेलातली खोली मिळते. कधी बुफे मिळतो, कधी एखाद्या शोचं तिकीट.

थट्टा नाही. प्लेस्टुडिओज या कंपनीने २०१२ मध्ये हा खेळ फेसबुकवर आणला, पुढे तो मोबाइलवर आला. पलीकडून खोल्या देणारी एमजीएम रिसॉर्ट्स, म्हणजे बेलाजिओ, मँडले बे, लक्सर, एक्सकॅलिबर चालवणारी कंपनी. फेसबुकवरच्या खेळात तर खेळणाऱ्याने पडद्यावर वेगासची स्ट्रिपच, म्हणजे हॉटेलं-कॅसिनोंचा तो मुख्य रस्ताच, उभी करायची होती. हॉटेलं त्यांची, ती एकेक करून बांधायची आपण, आपल्या झोपेच्या वेळात. श्रमदान फक्त आपल्याकडेच होतं असा माझा उगाच समज होता.

हा खेळ जुगाऱ्यासाठी नाही. जुगाऱ्याला त्यात काय गंमत? ज्याने दिवाळीच्या तीन पत्तीतही कधी चार आणे लावले नाहीत, पण क्रेडिट कार्डाचे पॉइंट, विमान कंपनीचे मैल आणि किराण्याची कुपनं ज्याला तोंडपाठ असतात, त्याच्यासाठी तो आहे. हा माणूस जुगार खेळत नसतो, गुण साठवत असतो. ऑफिसच्या कॉलवर माइक बंद करून साठवतो. मुलीच्या पोहण्याच्या क्लासबाहेर गाडीत बसून साठवतो. घरात जिथे कोणी हाक मारत नाही अशा एकमेव जागी आतून कडी लावून साठवतो. चिप्स संपल्या की उद्याच्या मोफत चिप्सची वाट बघतो, आणि फारच घाई असली तर पाच-दहा डॉलर टाकून विकत घेतो. तो जुगार नव्हे. तो प्रवासखर्च.

विकत घेतलेल्या या चिप्स रोखीत बदलून मिळत नाहीत, आणि ही अट अशा खेळांच्या मालकांना फार प्रिय असते. ‘बिग फिश कॅसिनो’ या दुसऱ्या एका खेळावर अमेरिकेत खटला झाला, तेव्हा मालकांचा बचाव असा होता की आमच्या चिप्सना काही मूल्यच नाही, मग हा जुगार कसा? आपण पैसे घेऊन विकतो तो माल कवडीमोल आहे, असं वकील लावून कोर्टात सांगायला छाती लागते. २०१८ मध्ये तिथल्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाला हे पटलं नाही. चिप्स असतील तरच पुढे खेळता येतं, म्हणून वॉशिंग्टन राज्याच्या कायद्यानुसार त्या मूल्यवानच, असं न्यायालय म्हणालं. २०२० मध्ये प्रकरण १५ कोटी ५० लाख डॉलरच्या तडजोडीवर आलं. चिप्सचं मूल्य शून्य असेलही, पण तडजोडीत शून्यं बरीच होती.

आता खोलीबद्दल. ही खोली कधीची मिळते? मंगळवारची. बुधवारचीही मिळेल. शनिवारची मागितलीत, किंवा नेमकं मोठं अधिवेशन भरलेल्या आठवड्यातली मागितलीत, तर खोल्या शिल्लक नसतात. एकट्या एमजीएम ग्रँडमध्ये पाच हजारांवर खोल्या आहेत. शुक्रवारी त्यांच्यासाठी लोक रांगा लावतात आणि मंगळवारी तीच खोली मंडईतल्या रात्रीच्या कोथिंबिरीसारखी होते: घ्या हो, पण घेऊन जा. रिकामी राहिलेली रात्र दुसऱ्या दिवशी विकता येत नाही. ती तुम्हाला देण्यात हॉटेलचं जातं काय, तर चादरी धुण्याचा खर्च. बदल्यात मिळतो एक जिवंत माणूस, क्रेडिट कार्डासकट, आणि त्याला लिफ्टपर्यंत जायला जुगाराच्या दालनातूनच जावं लागतं.

फुकटाचं आमिष काही मोबाइलवाल्यांनी शोधलेलं नाही. स्ट्रिपवरचं पहिलं रिसॉर्ट एल रँचो वेगास १९४१ मध्ये उघडलं, आणि स्वस्तात हवं तेवढं खाण्याचा वेगासी बुफेही तिथेच सुरू झाला. पोट भरलेला माणूस बाहेर जात नाही, टेबलाकडे जातो, हे तेव्हाच कळलं होतं. पुढची अनेक वर्षं मात्र खरी बडदास्त मोठ्या जुगाऱ्याची. मोटार, सुइट, शँपेन सगळं त्याला.

मग आला प्राध्यापक. हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकवणारे गॅरी लव्हमन १९९८ मध्ये हॅराज या कॅसिनो कंपनीत गेले. गिऱ्हाइकांच्या कार्डांवर साठलेली माहिती त्यांनी उपसली. तीत दिसलं की २६ टक्के लोक ८२ टक्के महसूल देतात, आणि हे लोक मोटारीतून उतरणारे शौकीन नव्हेत. हे मध्यमवयीन आणि म्हातारे, हाताशी वेळ असलेले, स्लॉट मशीनवर छोट्या छोट्या रकमा लावणारे. कालपरवापर्यंत शिक्षक, डॉक्टर, बँकवाले, कारखान्यातले कारागीर असलेले. थोडक्यात, आमची सोसायटी.

लव्हमनना निदान या मंडळींची कॅसिनोत यायची वाट बघावी लागली. फोनवरचा खेळ त्यांना घरी जाऊन तयार करतो, आणि शिकवणीची फी ते स्वतःच वेळाच्या रूपात भरतात. बोटाला सवय लागते, कानाला ती टुणटुण गोड लागायला लागते. नेव्हाडा राज्यात खऱ्या स्लॉट मशीनने लावलेल्या पैशांपैकी दीर्घ हिशेबात किमान ७५ टक्के परत दिले पाहिजेत असा नियम आहे. फोनवरच्या मशीनला तो लागू नाही. तिथे चिप्सचा पाऊस कधी पाडायचा आणि कधी आखडता हात घ्यायचा, हे ज्याचा खेळ त्याच्या मर्जीवर. घरच्या घरी लाखो चिप्स जिंकलेला माणूस वेगासला पोचतो तेव्हा आपला हात चालतो अशी त्याची प्रामाणिक समजूत झालेली असते.

अमेरिकेतल्या मराठी घरात वेगास एरवीही अटळ असतं. आई-बाबा पुण्याहून सहा महिन्यांसाठी आले की त्यांना ग्रँड कॅन्यन दाखवायचा, आणि वाटेत वेगास. हे आपल्या तीर्थयात्रेच्या हिशेबानेच ठरतं: मुख्य देवस्थान दूर, मुक्कामाला वेगास. यंदा फरक एवढाच की चिरंजीव ऐटीत सांगतात, “बाबा, खोली फुकट आहे. तीन रात्री.”

“फुकट कशी?”

“गेम खेळून मिळवली.”

बाबा चष्म्यावरून बघतात. लहानपणी ज्याला ‘गेम खेळून पोट भरणार आहे का’ असं विचारलं होतं, त्याने उत्तर द्यायला तीस वर्षं घेतलेली असतात.

खोली फुकटच असते. रिसॉर्ट फी फुकट नसते. स्ट्रिपवर ती रात्रीला साधारण ४० ते ५५ डॉलर, वर १३ टक्क्यांहून जास्त कर. तीन रात्रींचे दीडशे-पावणेदोनशे डॉलर, म्हणजे रुपयांत सुमारे पंधरा हजार. ही फी वायफाय आणि जिमसाठी असते. आई जिममध्ये जाणार नाहीत आणि बाबांना वायफायचा पासवर्ड चिरंजीवच टाकून देणार, तरी ती भरायची. पूर्वी ती बुकिंग करताना आकड्यांखाली लपलेली असे. मे २०२५ पासून अमेरिकेच्या व्यापार आयोगाने पूर्ण रक्कम आधीच दाखवण्याची सक्ती केली, त्यामुळे आता धक्का हॉटेलच्या काउंटरवर न बसता घरीच सोफ्यावर बसतो. स्ट्रिपवर गाडी लावणं पूर्वी फुकट होतं. २०१६ मध्ये एमजीएमने त्याचेही पैसे घ्यायला सुरुवात केली. खोलीत चहाची किटली बहुधा नसते, कारण चहाकॉफीसाठी तुम्ही खाली उतरावं हीच इच्छा. फ्रिज असतो, पण कित्येक ठिकाणी त्यातली बाटली नुसती उचलून किंमत बघितली तरी बिलात चढते.

यावर मराठी कुटुंबाकडे अस्त्रं असतात, हे मी अभिमानाने नमूद करतो. किटली घरून आणलेली असते. इन्स्टंट पोहे, मेतकूट, चिवड्याची पुरचुंडी, लोणच्याची घट्ट बांधलेली बाटली हे सगळं बॅगेतून निघतं. बेलाजिओची कारंजी फुकट, म्हणून ती दुपारी बघायची, संध्याकाळी बघायची आणि रात्री ‘लाइटमध्ये वेगळी दिसतात’ म्हणून परत बघायची. आतली फुलांची बाग फुकट, तिथे आईंचे साठ फोटो. अशी पाचशे कुटुंबं एका आठवड्यात आली तर एमजीएमच्या संचालकांना तातडीची बैठक घ्यावी लागेल.

पण बाबा खाली उतरतात. नुसतं बघायला. बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले, दोन जामीनदार असल्याशिवाय कर्जाचा कागद पुढे न सरकवणारे बाबा. ब्लॅकजॅकच्या टेबलाला ते बधत नाहीत, आणि ते बरंच करतात. पूर्वी दहा डॉलर लावून ब्लॅकजॅक लागला की पंधरा मिळत. आता कमी रकमेच्या बऱ्याच टेबलांवर बाराच मिळतात, आणि ते टेबलावर लिहिलेलंही असतं, फक्त ते वाचायला कोणी आलेला नसतो. रुलेटच्या चाकावर युरोपात एक शून्य असतं, अमेरिकेत दोन. वेगासने गेल्या काही वर्षांत तिसरं जोडलं. एका शून्यावर कॅसिनोचा वाटा २.७ टक्के, दोनवर ५.२६, तीनवर ७.६९. शून्याचा शोध भारताने लावला हे आपण सांगतो. त्याचा असा वापर मात्र कोणाला सुचला नव्हता.

बाबा पेनी स्लॉटपाशी बसतात. पेनी, म्हणजे जाणार किती? एका फेरीला प्रत्यक्षात पन्नास-साठ पेनी लागतात हे त्यांच्या जरा उशिरा लक्षात येतं. साठ लावतात, पंचवीस परत येतात आणि मशीन असं वाजत-गाजत नाचतं की जणू मुंज लागली. पस्तीस सेंट गेले आहेत आणि अभिनंदन चाललं आहे. एखाद्या कर्जदाराने हप्त्याची निम्मी रक्कम भरून वर ताशा लावला असता तर बाबांनी त्याला केबिनमधून घालवलं असतं. इथे ते स्वतःशीच हसतात आणि पुन्हा बटण दाबतात.

“अहो, किती गेले?” आई मागून विचारतात.

“गेले कुठे? आता आले की पंचवीस.”

सूनबाई फोनवर हिशेब मांडत असतात. फी, कर, पार्किंग, पेट्रोल, बाबांचे वीस डॉलर आणि मग बाबांचे आणखी वीस डॉलर. त्यात चिरंजीवांनी वर्षभर दाबलेल्या बटणाचे तास धरले, त्यांच्या पगाराने गुणले, तर या भावात शनिवारची खोली पडली असती, समोर कारंजं असलेली. हे त्या बोलत नाहीत. संसार करायचा असतो.

आपल्याकडे या सगळ्यासाठी सातासमुद्रापार जायची गरज नाही. पणजीला मांडवीत जहाजं उभी आहेत. तिथे प्रवेशाचे काही हजार भरले की जेवण-पिणं त्यातच, आणि वर थोड्या चिप्स, ज्या फक्त खेळता येतात, वटवता येत नाहीत. शुक्रवारी रात्री पुण्या-कोल्हापुराहून निघणाऱ्या गाड्यांतले पाहुणे हा हिशेब ‘जेवणाचे तर वसूल झाले’ असाच मांडतात. खुद्द गोवेकरांना २०२० पासून कॅसिनोत जुगार खेळायला बंदी आहे. आपलं नुकसान पाहुण्यांसाठी राखून ठेवणारं इतकं दिलदार राज्य दुसरं नसेल.

महाराष्ट्राचं बघा. गोव्याने जुगाराचा कायदा केला १९७६ मध्ये. आपणही त्याच वर्षी कॅसिनोंवर नियंत्रण आणि कर बसवण्याचा कायदा केला. फरक एवढाच की आपला कधी अमलातच आला नाही. कॅसिनो नाही, पण त्याचा कायदा आहे, अशा अवस्थेत आपण सत्तेचाळीस वर्षं काढली आणि २०२३ मध्ये तो रद्द केला. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. सगळीकडच्या रमीच्या जाहिराती एका रात्रीत ओसरल्या आणि क्रिकेटपटूंना पुन्हा चहा आणि सिमेंट विकावं लागलं.

म्हणजे फोनवर खेळून काही मिळवायचं तर आता अमेरिकाच, असं कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. बंदी येण्याच्या महिनाभर आधी, जुलै २०२५ मध्ये, आपले तेव्हाचे कृषिमंत्री विधान परिषदेत बसलेले असताना त्यांच्या मोबाइलवर रमी दिसत असल्याचा व्हिडिओ बाहेर आला. आपण खेळत नव्हतो, आलेली जाहिरात बंद करत होतो, असं त्यांचं म्हणणं. ते खरं मानू. गदारोळ झाला, आणि महिना संपता संपता त्यांच्याकडचं कृषी खातं काढून त्यांना दुसरं देण्यात आलं: क्रीडा. रात्र रात्र बटण दाबून मंगळवारची खोली मिळवणाऱ्यांनी याचा विचार करावा. इथे नुसती जाहिरात बंद केली तरी आख्खं खातं मिळतं, आणि त्यावर रिसॉर्ट फीही लागत नाही.