सुईदोरा घेऊन न्यू इंग्लंड

बॉस्टनच्या आसपास राहणाऱ्या माणसाने ऑक्टोबरातला शनिवार-रविवार घरी काढला, तर सोमवारी ऑफिसात त्याची विचारपूस होते. बरं नाही का? घरी काही झालं का? मग पानं बघायला का नाही गेलात? इथे आधी पानं बघायची असतात, मग सफरचंदं तोडायची असतात, भोपळे आणून कोरायचे असतात, आणि ३१ तारखेला पोरांना भुतं करून शेजाऱ्यांच्या दारी चॉकलेटं मागायला धाडायचं असतं. नेमके याच दिवसांत आमचे नवरात्र, दसरा, कोजागिरी आणि दिवाळी येतात. नवरात्रात लोकांच्या अंगात देवी येते. माझ्या अंगात शिवण येतं.

घट बसले की तळघरातलं मशीन वर येतं आणि जेवणाच्या टेबलावर ठाण मांडतं. तिथून थँक्सगिव्हिंगपर्यंत आमचं कुटुंब सोफ्यावर मांडीत ताटं घेऊन जेवतं. खंडेनवमीला मशीनची यथासांग पूजा झाली. हळदकुंकू, झेंडूचं फूल, बॉबिनच्या डबीवर अक्षता. नवऱ्याने शेजारी लॅपटॉप आणून ठेवला. चिरंजीवांनी व्हिडिओ गेमचा रिमोट ठेवला. "पूजेतलं हत्यार आज वापराचं नसते, बाप्पा," असं आजीने सांगताच रिमोट पूजेतून उठला.

आजी म्हणजे माझी आई. खामगावहून आलेली. येताना तिने लोणचं, वातींचा कापूस आणि जुन्या लुगड्यांचे गठ्ठे आणले होते. विमान कंपनीने तेवीस किलोत काय काय मावतं याचा अभ्यास करायचा असेल, तर आईची बॅग मागून न्यावी. नातीला गोधडी शिवायची, हा तिचा दौऱ्याचा एकमेव कार्यक्रम होता. बाकीचा कार्यक्रम आम्ही आखला, म्हणून तर हे लिहायची वेळ आली.

पहिली स्वारी न्यू हॅम्पशायरातल्या कँकामेगस रस्त्यावर. लिंकन ते कॉनवे, ३४.५ मैल, आणि सगळा रस्ता व्हाइट माउंटन्सच्या रानातून. या रस्त्यावर ना पेट्रोल पंप, ना हॉटेल, ना चहाची टपरी. आहेत ती फक्त झाडं, आणि त्यांच्याकडे बघायला आलेली अर्ध्या अमेरिकेची माणसं. गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. नवऱ्याचा चेहरा मेपलच्या पानाआधी लाल झाला. मला मात्र त्या कोंडीने लॉटरीच लागली. कन्येच्या हॅलोवीनच्या पोशाखाची सगळी तुरपाई मी तिथे उरकली. मागच्या सीटवर आई धावदोरा घालत होती. दोघींच्या सुया गाडीच्या ब्रेकबरोबर थांबायच्या आणि गाडी हलली की पुन्हा चालायच्या.

थंड रात्री आणि लहान दिवस सुरू झाले की पानातलं हिरवं द्रव्य मोडू लागतं, चिरंजीव शाळेतलं ज्ञान पाजळत होते. पिवळा रंग आधीपासून पानातच असतो, हिरव्याखाली दडलेला. लाल मात्र झाड तेव्हा नव्याने तयार करतं. आई मन लावून ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे पानं आता पडनार आहेत." हो. "अन् ते पडाच्या आधी पाहाले एवढे लोक आले." हो. "मंग पडल्यावर झाडाले कोन?" तिचं मेळघाटातल्या पळसावर प्रेम. पळस फुलतो तो पानं झडल्यावर, आणि तिकडे कोणी गाडी उभी करत नाही. पण एका वळणावर दरी उघडली, खाली नदी, वर तांबडापिवळा डोंगर, तेव्हा आईने सुई गोधडीत टोचून ठेवली आणि बराच वेळ काही बोलली नाही. पुढे स्वच्छतागृहाच्या रांगेत उभी राहिल्यावर मग पुष्कळ बोलली.

सफरचंदांच्या बागेबद्दल थोडक्यात सांगते. आधी पिशवीचे पैसे भरायचे, मग आपणच उन्हात फिरून मालकाची फळं तोडायची आणि त्याचे आभार मानून घरी यायचं. "पैसे आपन देले, अन् मजुरीबी आपनच केली?" एवढंच आईने विचारलं. शेतकऱ्याच्या लेकीला यापुढे समजावण्यात अर्थ नव्हता. सायडरचे डोनट मात्र तिने दोनदा मागून घेतले.

लॉवेलला जायचा हट्ट माझा. घरातल्या कोणालाही लॉवेल बघायचं नव्हतं. न्यू इंग्लंडचे लोक परदेशी पाहुण्यांना पानं, दीपगृहं आणि समुद्रातले किडे दाखवतात. हा मुलूख सुतावर उभा राहिलाय हे सांगायला विसरतात. एकोणिसाव्या शतकात मेरिमॅक नदीच्या पाण्यावर इथे गिरण्यांचं शहर वसलं. शेतकऱ्यांच्या पोरी घरदार सोडून आल्या, वसतिगृहात राहिल्या, घंटेवर उठल्या, घंटेवर निजल्या. बूट मिलच्या संग्रहालयात विणकामाचं दालन राखलंय. ८८ माग, आणि त्यातले काही खरोखर चालू. दारातच कानात घालायला बोळे देतात. आईने ते परत केले, पर्स उघडली, वातींचा कापूस काढला, दोन बोळे वळले आणि कानात घातले. खामगावचा कापूस लॉवेलच्या गिरणीत पोचला तो असा.

खरं तर या दोन गावांची सोयरीक जुनी. लॉवेलला कापूस यायचा अमेरिकेच्या दक्षिणेतून, गुलामांनी वेचलेला. १८६१ साली यादवी युद्ध पेटलं आणि तो आटला. कित्येक मालकांनी हातातला साठा चढ्या भावाने विकला आणि गिरण्यांना कुलपं लावली. हजारो पोरी घरी बसल्या. त्याच वेळी इंग्लंडात लँकेशायरच्या गिरण्याही उपाशी पडल्या, आणि वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत प्रेमचंद रायचंद आणि मंडळींनी शेअरबाजाराचा असा काही पतंग उडवला, की १८६५ला युद्ध संपताच तो सगळ्यांच्या डोक्यावर पडला. हे मी मागांच्या खडखडाटात ओरडून ओरडून सांगत होते. आई मान डोलावत होती. बाहेर आल्यावर तिने कानातला कापूस काढला आणि विचारलं, "काय म्हनत होती वं?"

जवळच न्यू इंग्लंड क्विल्ट म्युझियम आहे. गोधड्यांचं संग्रहालय! आईसाठी राखून ठेवलेला हा माझा हुकमाचा पत्ता. पांढऱ्या भिंती, मंद दिवे, एकेक गोधडी उंचावर टांगलेली, खाली तिची माहिती. आई पहिल्या गोधडीसमोर थांबली. "ह्या भितीले काहून टांगल्या? वाळू घातल्या का?" नाही आई, या बघायच्या असतात. "पांघराच्या नाहीत?" नाही. "कोनी बी कधी पांघरली नाही?" मग ती नाक भिंतीजवळ नेऊन टाके तपासू लागली. राखणदार बाई लगबगीने आली. हात लावू नका म्हणणार, तोच आईने पिशवीतून आपली अर्धवट गोधडी काढून तिच्या हातात दिली. भाषा एकीला दुसरीची येईना. पण त्या बाईने गोधडी उलटी करून आधी मागची बाजू पाहिली, आणि आईचा चेहरा खुलला. शिवणाऱ्या माणसाची ओळख तेवढीच. त्यानंतरचा अर्धा तास मी, नवरा आणि मुलं बाकावर बसून होतो. दुभाष्याची गरज कुणालाच नव्हती.

एलियस हाउ या माणसाचं नाव आमच्या घरात आता कोणी काढत नाही. मॅसॅच्युसेट्सचाच हा गृहस्थ. टोकाशी नेढं असलेली सुई आणि खालून दुसरा दोरा अशी टीप घालणाऱ्या यंत्राचं पेटंट त्याला १० सप्टेंबर १८४६ रोजी मिळालं. त्याआधी त्याने बॉस्टनच्या क्विन्सी हॉलमध्ये पाच शिवणकरणींशी शर्यत लावली होती. त्या पाचजणी एकेक शिवण घालत होत्या, याने एकट्याने पाच शिवणी घातल्या, आणि जिंकला. गिऱ्हाईक मात्र एकही मिळालं नाही. यंत्र महाग, आणि शिंप्यांना पोटाची धास्ती. पुढे सिंगरने यंत्र घरोघरी नेलं, हाउने कोर्टात जाऊन आपला हिस्सा वसूल केला. तर ती शर्यतीची जागा क्विन्सी मार्केटच्या माडीवर. खाली आता खाण्याची दुकानं. "इथेच! अगदी इथेच ती शर्यत झाली!" मी जिन्यात उभी राहून सांगत होते. माझं सगळं घर खाली, पावाच्या वाटीत शिंपल्यांचं सूप मिळतं त्या रांगेत होतं. आईने आतलं सूप नको, नुसती वाटी द्या, असं खुणेने सांगितलं. दुकानदाराने दिली. पैसे सुपासकट घेतले.

त्याच क्विन्सी हॉलमध्ये, हाउच्या पाच वर्षं आधी, माझी खरी नायिका येऊन गेली होती. सारा जोसेफा हेल. न्यू हॅम्पशायरची. नवरा गेला तेव्हा पाच मुलं पदरात. पुढे 'गोडीज लेडीज बुक' या मासिकाची संपादक झाली, आणि चाळीस वर्षं राहिली. हाताने रंगवलेली फॅशनची चित्रं, कपडे बेतायचे नमुने आणि गोष्टी-कविता असं ते मासिक. बॉस्टनमधल्या बंकर हिलच्या युद्धस्मारकाची पायाभरणी पुरुषांच्या समितीने १८२५ साली केली. मग पैसे संपले. खांब अर्धवट, समिती चिंतेत, हे पंधरा वर्षं चाललं. १८४० साली हेलबाईंनी बायकांची जत्रा भरवली. हातची शिवण, भरतकाम, विणकाम, मुरंबे. आठवडाभरात तीस हजार डॉलरच्या आसपास जमले आणि खांब पुरा झाला. उंची २२१ फूट, पायऱ्या २९४, लिफ्ट नाही. नवरा आणि मुलं चढून गेली. आई आणि मी खाली गवतावर बसलो; खांबाचा पैसा ज्यांनी उभा केला त्यांच्या पंगतीतल्या आम्ही, आम्हाला वर चढून काय सिद्ध करायचं होतं?

हॅलोवीनच्या पोशाखाचं सांगायचं राहिलंच. न्यू इंग्लंडात ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी इतकी थंडी असते, की महिनाभर खपून शिवलेल्या परीवर शेवटी जाडजूड कोट चढतो आणि गल्लीत सगळ्या पऱ्या एकाच कंपनीच्या निघतात. म्हणून मी कोट आत मावेल असा पोशाख शिवला. भोपळा! केशरी सॅटिन, आठ कळ्या, तळाला इलॅस्टिक, कमरेला हुलाहूपचं कडं. कन्या भोपळा नव्हती. ती होती भोपळ्यात बसून लेकीकडे जाणारी म्हातारी. डोक्यावर वातींच्या कापसाचा अंबाडा. नवऱ्याला कोल्हा केलं. वाघ व्हायला चिरंजीवांनी साफ नकार दिला आणि विकतचा, पंख्याने फुगणारा डायनोसोर अंगात घातला.

भोपळा गाडीत मावेना. कडं आडवं केलं तर पट्टा लागेना, उभं केलं तर कन्या दिसेना. शेवटी कडं काढून मावशीकडे पोचल्यावर अंगणात पुन्हा घातलं. कोल्ह्याची शेपटी दारात अडकली आणि सबंध हमरस्ता ती बाहेर फडफडत आली. दारोदारी लोक विचारायचे, "तू भोपळा का?" कन्या ठसक्यात सांगायची, "मी आजी. भोपळा माझी गाडी आहे." एका गृहस्थांनी चॉकलेट देता देता विचारलं, भाडं किती? दारात ठेवलेला आमचा कोरीव भोपळा आईने दुसऱ्या दिवशी आत आणला आणि घारगे करायला घेतले. कोरायचा भोपळा पाणचट असतो, खायचा लहान आणि वेगळा. घारगे तळणीत विरघळले.

नोव्हेंबरात प्लिमथ. १६२० साली इंग्लंडातून आलेले यात्रेकरू उतरले म्हणतात तो खडक खांबांच्या मंडपात, खाली खड्ड्यात ठेवलाय. मुलं कठड्यावरून वाकली. "एवढाच?" एवढाच. "आमच्या वेशीवरचा म्हसोबा याहून मोठा हाय," आई म्हणाली, "अन् त्याले शेंदूर तरी हाय." वर कोल्स हिलवर वाम्पानोआग प्रमुख मॅसासोइटचा पुतळा आहे. १९७० पासून दर थँक्सगिव्हिंगला मूळ रहिवासी तिथे जमून शोकदिन पाळतात. ज्यांच्या जमिनीवर थँक्सगिव्हिंगची पहिली पंगत बसली त्यांनी सुतक का धरावं, हे मुलांना सांगायला मला वेळ लागला. खडकापाशी लागला नव्हता.

आणि थँक्सगिव्हिंगची सुट्टी? ती हेलबाईंनी आणली. सबंध देशाने एकाच दिवशी आभार मानावेत म्हणून तिने वर्षानुवर्षं राज्यपालांना, राष्ट्राध्यक्षांना पत्रं लिहिली. लिंकनच्या आधीच्यांनी काही दाद दिली नाही. लिंकनला तिने २८ सप्टेंबर १८६३ रोजी लिहिलं आणि ३ ऑक्टोबरला घोषणा झाली. "पाच दिवसांत सरकारी काम?" नवऱ्याने ग्रीन कार्डच्या रांगेतला माणूस ज्या आवाजात विचारेल त्या आवाजात विचारलं.

त्या गुरुवारी शेजाऱ्यांकडे जेवण होतं. रिवाजाप्रमाणे प्रत्येकाने कशाबद्दल आभारी आहोत ते सांगायचं. चिरंजीव सुट्टीबद्दल आभारी होते. नवरा, मशीन आता टेबलावरून उठणार याबद्दल. मी सारा हेलचं नाव घेतलं, तेव्हा यजमानीणबाईंनी विचारलं, ती तुमच्या गल्लीतच राहते का? आईची पाळी आली. तिने मला भाषांतर करायला लावलं. "घरच्या मानसाचे आभार मानले की तो परका होते. म्हनून मी कोनाचे मानत नाही. टर्की सोडून समदं बेस झालं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

गोधडी पुरी झाली. बाकीची कामं अडली आहेत, कारण इथली कापडाच्या दुकानांची सगळ्यांत मोठी साखळी २०२५ साली दिवाळखोरीत जाऊन बंद पडली. तेव्हा पुढच्या ऑक्टोबरात इकडे येणाऱ्या सर्व नातेवाइकांना कळकळीची विनंती: बॅगेत टू-बाय-टूचं अस्तर, झिपा आणि गोधडीचा जाड दोरा आणा. लोणचं आणू नका. लोणचं इथे मिळतं.