पानेवाले अण्णा

कोल्हापूरकडच्या रेंजवर कोच एक असतो आणि अण्णा एक असतात. आमचे अण्णा उद्यमनगरात उभा जन्म लेथवर काढून निवृत्त झालेले. पोरं फायरिंग लाइनवर श्वास आवरून उभी असतात, तेव्हा अण्णा मागच्या बाकावर मळक्या फडक्यावर रायफल आडवी घालून बसलेले दिसतात. खिशात छर्रे नसले तर चालतं, अॅलन कीचा जुडगा लागतोच.

रायफल देशी, मधे मोडून भरायची. नळी खाली ओढली की आतली स्प्रिंग दाबली जाते. मग नळीच्या बुडाशी छर्रा बसवायचा आणि नळी वर करून बंद करायची. हा सगळा खेळ एका आडव्या बोल्टावर चालतो आणि अण्णांचं उत्तरायुष्यही त्याच बोल्टाभोवती फिरतं.

नवा पोरगा दिसला की प्रात्यक्षिक सुरू. रिकामी रायफल मोडून स्प्रिंग दाबायची, एक हात नळीजवळ राखून ठेवायचा आणि नळी अर्ध्यावर आणून हलकेच मोकळी करायची. "घोड्यापासनं बोट लांब! आता बघ. आपल्या वजनानं खाली गेली, म्हंजे ढिल्लं. ढकलाय लागली, म्हंजे आवळलंय जादा. ठिवली तिथं थांबली पायजे." नळी थांबते. अण्णा मात्र समाधानी नसतात. शेजारचा बारका लॉक स्क्रू सैल होतो, बोल्टाला अर्ध्या आण्याचा पीळ बसतो, लॉक स्क्रू पुन्हा घट्ट. "आता बघ." नळी मघासारखीच थांबते. "पडला का नाही फरक?" पोरगा मान डोलावतो. दुसरं काय करणार?

पंचाईत अशी की अण्णांचं म्हणणं खरं आहे. बोल्ट ढिला असेल तर नळी दर खेपेला त्याच जागी येऊन बसेल याची हमी नाही. 40 सेंटिमीटरच्या नळीचं तोंड मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्यानं सरकलं, तरी 10 मीटरवर छर्रा अडीच मिलिमीटर बाजूला जातो. एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचं. म्हणजे 10.9 चा शॉट घसरून 10.0 ला टेकतो.

पण अण्णांच्या रायफलीवर मागची-पुढची दोन्ही साइट नळीवरच बसवलेली. नळी हलली तर साइटही तिच्याबरोबर हलते, नेम फारसा बिघडत नाही. दुर्बीण बॉडीवर लावली असती, तर गोष्ट वेगळी. कोचनी हे एकदा समजावून सांगितलं. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं, चहा मागवला आणि बोल्ट पुन्हा तपासला.

पाच छर्रे जवळजवळ पडले तर श्रेय बोल्टाला. फाकले तर दोष छर्ऱ्यांना, मग वाऱ्याला (रेंज बंदिस्त आहे), मग वॉशरला. एका खेपेत बोल्ट, वॉशर आणि छर्ऱ्याचा डबा असं तिन्ही बदलून टाकतात, त्यामुळे नक्की कशानं काय झालं हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. स्पर्धेत 60 शॉट मारायचे असतात. अण्णांनी सलग 60 मारल्याचं रेंजवर कुणी पाहिलेलं नाही. विसाव्याच्या आसपास त्यांना काहीतरी सैल वाटू लागतं.

घरीही तेच. त्यांच्या कपाटाचं दार अर्धं उघडलं तर अर्धंच राहतं, करकरत नाही, मिटत नाही. काकू म्हणतात, "कुकरचं हँडल तेवढं त्यास्नी दिसत न्हाई." 2024 साली कोल्हापूरच्या नेमबाज स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकला कांस्यपदक घेतलं, तेव्हा अख्खा जिल्हा गुलाल उधळत होता. अण्णा टीव्हीला नाक लावून त्याच्या रायफलीचे बोल्ट मोजत होते.

एका मुलीचे छर्रे मात्र महिनाभर फाकत होते. कोचनी तिचा श्वास सुधारला, उभं राहणं सुधारलं, घरच्यांनी डोळे तपासून आणले. अण्णांनी रायफल हातात घेतली, दस्ता धरून हलकेच पिळली आणि म्हणाले, "हितं बोंब हाय." स्प्रिंगच्या रायफलीचा झटका आधी मागे आणि लगेच पुढे बसतो, त्यानं दस्त्याचे स्क्रू हळूहळू सुटत जातात. ते कुणी बघितलेच नव्हते. अण्णांनी ते आवळले, बेताचेच, लाकूड दबणार नाही इतके. पुढच्या आठवड्यात तिचे छर्रे एकाच भोकाच्या आगेमागे पडू लागले. अण्णांनी त्यावर एक शब्द काढला नाही. नळीचा बोल्टही थोडा बघून देऊ का, एवढंच विचारलं.

तेव्हा तुमची रायफल बिघडली असेल, तर खुशाल अण्णांकडे न्या. पैसे घेत नाहीत, चहा तेवढा सांगा. फक्त दुसऱ्या दिवशी स्पर्धा असेल तर नेऊ नका. परत मिळणार नाही.