नमस्कार, आत कुठून यायचं?

असेम्ब्लरवाली माणसं कामाबद्दल कमी आणि कामाला सुरुवात कुठून करायची याबद्दल जास्त बोलतात. मीही त्यांतलाच. आयबीएमने १९६४ साली सिस्टिम/३६० जाहीर केली, तेव्हापासून आमच्या जमातीचं हेच चाललंय.

कारण हुकूम कोणता आणि मजकूर कोणता, हे त्या मशीनला कळत नाही. बोट दाखवाल तिथून ते वाचत सुटतं. बोट दाखवायची सोय साधी आहे: शेवटच्या 'एंड' ओळीत एंट्री पॉइंटचं नाव लिहायचं. तिथे लिहिलं नाही आणि प्रोग्रॅमचे तुकडे जोडणाऱ्या लिंकेज एडिटरलाही काही सांगितलं नाही, तर तो पहिल्या सेक्शनचा पहिला बाइट धरून मोकळा होतो.

आमच्याकडे नव्याने आलेल्या एका पोराने 'एंड' कोरा सोडला आणि प्रोग्रॅमच्या डोक्यावरच रोमन अक्षरांत 'नमस्कार' ठेवला. मुलगा संस्कारी. पण मेनफ्रेमच्या एब्सिडिकमध्ये 'एन' म्हणजे डी-फाइव्ह, आणि डी-फाइव्ह म्हणजे 'तुलना कर'! मशीनने पहिली सहा अक्षरं एका घासात गिळली, मेमरीतल्या कुठल्यातरी दोन तुकड्यांची इमानेइतबारे तुलना केली, आणि सातव्या अक्षराचा हुकूमच सापडेना म्हणून एस-झीरो-सी-वन ही एरर देऊन मान टाकली. पोरगं म्हणालं, "सर, नमस्कारच तर केला होता!"

दार बरोबर सापडलं तरी रीतभात असतेच. बोलावणाऱ्याचे रजिस्टर त्यानेच दिलेल्या ७२ बाइटांत आधी जपून ठेवायचे, जाताना होते तसे परत करायचे. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरलेल्या बाईने डबे जिथल्या तिथे ठेवावेत तसे. परतीचा पत्ता चौदा नंबरच्या रजिस्टरमध्ये, आत आलो त्या दाराचा पंधरामध्ये.

या सगळ्या सोवळ्याओवळ्याला फाटा दिला तो आयईएफबीआर१४ नावाच्या प्रोग्रॅमने. जेसीएल या मशीनला काम नेमून देणाऱ्या भाषेतून नुसती फाइल बनवायची किंवा उडवायची असली की याला बोलावतात. यायचं आणि आल्या पावली परत जायचं. एकच हुकूम, दोन बाइट. यात काय चुकणार?

चुकलं! परतताना पंधरा नंबरमध्ये 'सगळं ठीक' म्हणून शून्य ठेवायचं असतं. याने तिथे हातच लावला नाही. त्यामुळे कामाचा निकाल विचारला की हा स्वतःच्या दाराचा पत्ता पुढे करी. शेवटी रजिस्टर शून्य करणारा आणखी एक हुकूम घातला. प्रोग्रॅम दुप्पट मोठा झाला, आणि काहीही न करण्याचं काम तेव्हा कुठे बिनचूक होऊ लागलं.