मोज्यातलं कुसळ

मे महिन्यात दुपारी दोनला पिंपळगाव राजात कुत्रंदेखील सावली सोडत नाही. कूलरातलं पाणी संपलेलं, तो नुसताच गरम वारा फेकत बसलेला, आणि नेमका तेव्हाच पुण्याहून मुलीचा फोन आला, "बाबा, अंटार्क्टिकाला जायचं?" पंचेचाळीस अंशांत हे विचारणं म्हणजे एकादशीला नाकासमोर भजी धरणं. मी हो म्हणून टाकलं. पैसे किती, दिवस किती, काही विचारलं नाही. बायको म्हणाली, "आधी कूलरात पाणी टाका."

मोबाईलवर आलेलं माहितीपत्रक संध्याकाळी गच्चीवर बाजेवर पडून वाचलं. नांदुऱ्याहून रेल्वेनं मुंबई, तिथून विमानं बदलत चिली. मग बोट पॅटागोनियाच्या फियोर्डांमधून दक्षिणेला सरकणार. फियोर्ड म्हणजे हिमनदीनं डोंगर खरवडून केलेली खोल दरी, जिच्यात नंतर समुद्र शिरला. बायकोनं चित्र पाहिलं. "म्हंजे नाल्यात पाणी घुसलं, असंच ना?" असंच. फक्त त्या नाल्याच्या टोकाशी निळ्या बर्फाचे कडे पाण्यात कोसळतात आणि आमच्या नाल्याच्या टोकाशी प्लास्टिकच्या पिशव्या अडकतात. पुढे मॅजेलनची सामुद्रधुनी, बीगल चॅनेल, आणि मग ड्रेक पॅसेज.

पारावर खरी चर्चा झाली ती या ड्रेकची. दक्षिण अमेरिकेचं शेपूट आणि अंटार्क्टिका यांच्यामधला सुमारे ८०० किलोमीटरचा हा समुद्र ओलांडायला बोटीला दोन दिवस लागतात. त्या अक्षांशावर पृथ्वीभोवती वाऱ्याला अडवायला जमीनच नाही, म्हणून लाटा मोकाट. मंडळींचं मत पडलं की मास्तर तीस वर्षं एसटीच्या शेवटच्या सीटवर बसून शाळेत गेले, त्यांना ड्रेक काय करणार? एकानंच शंका काढली, "एसटीतून उतरता येते, बापा!" यावर पारावर बराच वेळ शांतता होती. आमच्या भागात समुद्र ओलांडल्याचा अनुभव असलेला एकच, नांदुऱ्याचा १०५ फुटी हनुमान. पण तोही उडून गेला होता. बोटीची भानगड त्यानंही टाळली.

मी मात्र मागे हटणाऱ्यातला नव्हतो. भूगोल शिकवण्यात जन्म गेला. मी पारावर वंशावळ काढली. भारत, अंटार्क्टिका, पॅटागोनिया हे सगळं एकेकाळी एकाच खंडात नांदत होतं, आणि त्या खंडाचं नाव गोंडवन, आपल्या गोंडांच्या मुलखावरून पडलेलं. दहा कोटी वर्षांहून आधी वाटणी झाली. आपल्या वाट्याला ऊन आलं, अंटार्क्टिकाच्या वाट्याला बर्फ. म्हणजे मी परदेशी चाललेलोच नाही, भाऊबंदांकडे चाललोय.

"मंग सातबारा कोनाच्या नावावर हाय?" एकानं लगेच विचारलं. भाऊबंद म्हटलं की आमच्याकडे दुसरा प्रश्न हाच. कोणाच्याच नाही. सात देशांनी आपापला हक्क सांगितला आहे, पण १९५९च्या करारानं ते सगळे दावे आहेत तिथेच गोठवून ठेवले. भारत त्या करारात १९८३ साली सामील झाला. बांधाचा वाद असा बर्फात ठेवता येतो, ही कल्पना आमच्या तालुक्याला नवीन होती. दोन सख्खे भाऊ एकमेकांकडे न बघता उठून गेले.

घरी मात्र वंशावळ चालली नाही. मी दुसरं अस्त्र काढलं. म्हटलं, आपल्या नागपुरात जन्मलेल्या अदिती पंत तिसऱ्या भारतीय मोहिमेत, १९८३-८४ साली, अंटार्क्टिकावर जाऊन आल्या. त्या आणि सुदीप्ता सेनगुप्ता या तिथे गेलेल्या पहिल्या भारतीय स्त्रिया. पंतांनी समुद्रावर संशोधन केलं. बायकोनं कणीक मळता मळता ऐकून घेतलं. "त्या कामाले गेल्या. तुमी कायले चालले?"

उत्तर नव्हतं, म्हणून नियम वाचायला घेतले, आणि तिथेच खरा ड्रेक लागला.

एका वेळी किनाऱ्यावर शंभरच माणसं. पेंग्विनपासून पाच मीटर लांब राहायचं. पेंग्विन आपल्या वाटेनं आला तर आपण थांबायचं, वाट त्याची. हे मला जड नव्हतं, खामगावच्या रस्त्यावर म्हशींनी आम्हाला हेच शिकवलं आहे. किनाऱ्यावर खायचं काही न्यायचं नाही. म्हणजे भाकर-ठेचा बोटीतच. आणि विधीला लागली तर रबरी होडीत बसून परत मोठ्या बोटीवर जायचं, जमिनीवर थेंबही सांडता कामा नये. आमच्या भागात पहाटे टॉर्च घेऊन फिरणारी गुड मॉर्निंग पथकं होती. जे त्यांना साधलं नाही ते एका अख्ख्या खंडानं करून दाखवलंय. गंमत म्हणजे हे माणसापुरतंच. पेंग्विनांच्या वसाहतीत विष्ठेचा वास असा असतो म्हणे की होडी टेकायच्या आधीच नाकाला कळतं. हागणदारीमुक्तीचा फलक लावायचा तर तो पेंग्विनांकडे पाठ करूनच लावावा लागेल.

पण घात केला तो पुढच्या नियमानं. बोटीवर बुटांचे तळवे जंतुनाशकात बुडवतात. पिशव्या, खिसे, वेल्क्रोच्या पट्ट्या व्हॅक्यूमनं साफ करतात. बाहेरचं एकही बी त्या खंडावर जाता कामा नये. एकही! मी अंगावरच्या कपड्यांकडे पाहिलं. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या पायजम्याच्या शिवणीत जेवढं बियाणं असतं, तेवढं काही कृषी केंद्रांत नसतं.

शिवाय तिकडचा उन्हाळा, म्हणजे बोटींचा हंगाम, नोव्हेंबर ते मार्च. म्हणजे आमची कपाशीची वेचणी, तुरीची सोंगणी, हरभरा, सगळं त्यातच. तिकिटाचा आकडाही मुलीनं एव्हाना हळूच सांगितला होता. त्यात विहीर, मोटर, ठिबक आणि एक कूलर बसत होता.

दिवाळीत मुलगी, जावई, नात आले. पक्कं काय ते सांगा, म्हणाली. मी त्या दिवशी पऱ्हाटीतून आलो होतो. ओट्यावर बसलो, म्हटलं, आधी स्वतःची तपासणी करून बघू. डाव्या मोज्यातून आघाड्याचं बी काढायला सुरुवात केली. मग कुसळं. मग सराटा. मग सरकीचा एक दाणा, बोंडाच्या पुंजक्यासकट. चाळिसापर्यंत मोजलं. उजवा मोजा अजून पायातच होता. आठ वर्षांची नात माझं वाचायचं भिंग घेऊन माझ्या खिशात डोकावत होती. तिनं खिसा उलटा केला, तुरीचे तीन दाणे ओट्यावर पडले.

"आजोबा," ती गंभीरपणे म्हणाली, "तुम्हाला बोटीतून उतरता येणार नाही."

आतून बायकोचा आवाज आला, "बोटीचं मंग पाहू. पाय धुतल्याबिगर घरात येऊ नोका."