ना नफा, ना पेशंट

भारतात शिक्षणातून नफा कमावता येत नाही, ही बातमी शेगावात अजून पोचलेली दिसत नाही. पोचली असती तर बारावीचा निकाल लागल्याबरोबर स्टेशनपासून मंदिरापर्यंत प्रत्येक खांबावर पांढऱ्या टोपीतली हसरी सिस्टर लटकली नसती. "शंभर टक्के नोकरीची हमी." "परदेशात संधी." "मोजक्याच जागा शिल्लक." या मोजक्या जागा जूनमध्ये शिल्लक असतात आणि दिवाळीच्या फराळापर्यंत तेवढ्याच शिल्लक राहतात.

कायदा अगदी सोवळा आहे. नर्सिंग कॉलेज काढायचं तर ट्रस्ट किंवा सोसायटी नोंदवा, नाहीतर ना-नफा कंपनी काढा. धर्मादाय आयुक्तांना हिशेब द्या, प्राप्तिकरात सूट घ्या. अमेरिकेत म्हणे नफ्यासाठी चालणाऱ्या नर्सिंग शाळा उघडपणे नफ्यासाठी चालतात, त्यांचे शेअरसुद्धा बाजारात विकले जातात. आपल्याकडे असला निर्लज्जपणा खपत नाही. टी. एम. ए. पै खटल्यात २००२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींनी सांगून ठेवलं आहे की संस्थेने विस्तारापुरती वाजवी शिल्लक ठेवावी, नफेखोरी करू नये, प्रवेशासाठी वरची देणगी म्हणजे कॅपिटेशन घेऊ नये. महाराष्ट्राने तर कॅपिटेशनबंदीचा कायदा १९८७ सालीच करून टाकला होता. तेव्हापासून आपल्याकडे कुणी नफा कमावत नाही, सगळे विस्तारच करतात. साहेब अध्यक्ष, सौभाग्यवती सचिव, चिरंजीव कोषाध्यक्ष, एवढा विस्तार पहिल्याच वर्षी होतो. दारात उभी असलेली पांढरी फॉर्च्युनर हीसुद्धा शिल्लकच, फक्त तिला चाकं आहेत.

आता सेवा म्हणजे काय, हे शेगावकराला कुणी शिकवायला जाऊ नये. गजानन महाराजांच्या संस्थानात हजारो सेवेकरी पाळीपाळीने येतात, झाडू मारतात, जोडे सांभाळतात, पंगतीत वाढतात आणि एक पैसा न घेता परत जातात. दहा रुपये देणगी दिली तरी पावती हातात पडते. त्याच संस्थानाने १९८३ साली इंजिनिअरिंग कॉलेज काढलं, तेही नावाजलं गेलं. त्यामुळे आमच्या भागातल्या माणसाला 'ट्रस्टचं कॉलेज' म्हटलं की आपोआप चप्पल बाहेर काढावीशी वाटते. नर्सिंगवाल्यांनी हे बरोबर हेरलं आहे. ऑफिसात शिरलं की समोर महाराजांचा मोठा फोटो, ताजा हार, उदबत्ती. पालक हात जोडतो, आणि ते हात थेट फॉर्मवर सही करायलाच सुटतात.

आमच्या शेजारच्या काकांनी यंदा ठरवलं की पोरीला नर्सिंगला टाकायचं. काकांना पाच एकर कोरडवाहू, निम्मी सोयाबीन, निम्मी कपाशी. पोरगी हुशार आणि इंजेक्शनला न भिणारी. कल्पना वाईट मुळीच नव्हती. आमचा खारपाणपट्टा, खारं पाणी पिऊन किडनीचे रोगी इथे गावोगाव. जानेवारी २०२५ मध्ये बोंडगाव, कालवड, हिंगण्याला लोकांचे केस भराभर गळायला लागले तेव्हा तर सबंध देशाचे कॅमेरे तालुक्यात आले, आयसीएमआरचे शास्त्रज्ञ आले, पाण्याचे आणि रक्ताचे नमुने गेले. शास्त्रज्ञ परत गेले, कॅमेरे त्याआधीच गेले. उपकेंद्रातली सिस्टर मात्र आजही तिथेच आहे. या तालुक्यात नर्सला काम नाही असं ज्योतिषीसुद्धा म्हणणार नाही.

तर काका म्हणाले, "भाऊ, तुमी संग चाला. तुमाले कागद वाचता येते."

गेलो. कोणतं गाव, कोणती संस्था, विचारू नका. जिल्ह्यात जिथे जाल तिथे हा जिना तुम्हाला सापडेल. खाली मोबाईलचं दुकान, शेजारी कचोरीचा गाडा, वर दुसऱ्या मजल्यावर आरोग्यविज्ञान. संचालकसाहेबांनी चहा मागवला. फी सांगितली, मग 'इतर' सांगितली, मग गणवेश, वसतिगृह, बस, 'विकास निधी'. विकास निधीची पावती मिळेल का, असं मी विचारल्यावर साहेबांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं जणू चहात साखर मीच कमी टाकली होती. काकांचा प्रश्न वेगळाच होता.

"साहेब, पेशंट कुठी हायेत?"

"काका, आधी थिअरी असते."

"अन् मंग?"

"मग प्रॅक्टिकल. आमचं मोठ्या हॉस्पिटलशी टाय-अप आहे."

"कोनतं हॉस्पिटल?"

"प्रपोजल वर गेलंय."

"आमच्याकडं बैल बी असाच इकतेत," काका शांतपणे म्हणाले. "बैल चरायले गेला म्हंतेत, दावं पाहून घ्या."

मग आम्हाला प्रयोगशाळा दाखवली. एका खाटेवर प्लास्टिकचा रुग्ण पडला होता. त्याच्या दोन्ही हातांत सलाईन लावून लावून भोकं पडली होती, आणि त्याला बरं करण्याचा कुणाचाच विचार दिसत नव्हता. कोपऱ्यात हाडांचा सापळा. संस्थेत पूर्णवेळ हजर असलेला तो एकटाच कर्मचारी असावा, असा माझा अंदाज.

नियम काय म्हणतात ते ऐका. भारतीय परिचर्या परिषद १९४७ च्या कायद्यापासून नियम करते आहे. तिच्या जागी राष्ट्रीय आयोग आणायचा कायदा संसदेने २०२३ मध्ये केला. परिषदेच्या नियमांत संस्थेला स्वतःचं शंभर खाटांचं रुग्णालय हवं, दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा आणि वॉर्डात एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण हवेत. प्रात्यक्षिकांची हजेरी पूर्ण शंभर टक्के. प्रसूती स्वतःच्या हातांनी केल्याच्या नोंदी केसबुकात हव्यात. आता हिशेब करा: जीएनएम डिप्लोमाची चाळीस मुलींची बॅच, तीन वर्षांच्या मिळून एकशे वीस मुली. सगळ्या एकदम वॉर्डात उतरल्या तर तीनशे साठ रुग्ण लागतील. आमच्या सईबाई मोटे सरकारी रुग्णालयावर आधीच आजूबाजूच्या सगळ्या संस्थांचा डोळा असतो. तिथल्या एकेका म्हाताऱ्याचं बी.पी. सकाळपासून इतक्या वेळा मोजलं जाईल की शेवटी त्याला खरंच बी.पी. होईल.

पण तपासणीच्या दिवशी सगळं जुळतं. आदल्या रात्री ट्रॅक्टरमधून खाटा येतात. सकाळी रोजंदारीवर रुग्ण येतात, त्यात दोघे-तिघे तर निंदणाचं काम सोडून आलेले. पडून राहायचे तीनशे, कण्हलं तर पन्नास जास्त. शिक्षकांची यादी भिंतीवर लागते, आणि त्यातले दोन प्राध्यापक त्याच दिवशी दुसऱ्या जिल्ह्यातही शिकवत असतात. संतांनाही एकाच वेळी दोन ठिकाणी दिसल्याबद्दल लोक पूजतात, यांना तर त्याचा पगारही पूर्ण मिळत नाही.

ही अतिशयोक्ती वाटत असेल तर जळगाव जामोदवरून सातपुडा ओलांडा. पलीकडे मध्य प्रदेश. तिथल्या उच्च न्यायालयाने नर्सिंग कॉलेजांची तपासणी थेट सीबीआयकडे दिली. ३०८ कॉलेजं तपासली, त्यांतली १६९ योग्य ठरवली. मग मे २०२४ मध्ये सीबीआयनेच आपल्या एका निरीक्षकाला लाच घेतल्याबद्दल पकडलं. अनुकूल अहवालासाठीच लाच होती असा आरोप. न्यायालयाने त्या १६९ कॉलेजांचीही फेरतपासणी करायला सांगितलं, या वेळी न्यायदंडाधिकारी सोबत ठेवून आणि व्हिडिओ चित्रीकरण करून. तपासणाऱ्याला तपासायला तपासणारा, आणि त्या दोघांवर कॅमेरा! एवढ्या लोकांना वॉर्डात उभं केलं असतं तर निदान खाटा तरी भरल्या असत्या.

आपल्याकडची नवी पद्धत जास्त सुसंस्कृत आहे. परवानगी नसेल तर संस्था अभ्यासक्रमच बदलते. एक वर्षाचं 'नर्सिंग केअर' प्रमाणपत्र, सहा महिन्यांचं 'पेशंट असिस्टंट'. गणवेश तोच, टोपी तीच, दिवा हातात घेऊन शपथ घ्यायचा सोहळाही तसाच. आमदार येतात, फोटो निघतात. फक्त पुढे महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी होत नाही, आणि नोंदणी नसेल तर सरकारच्या लेखी ती मुलगी नर्स नसते. शपथ मात्र पूर्ण झालेली असते.

पगाराचं विचारलं तर साहेबांनी जर्मनी काढली. जर्मनीचं खोटं नाही: महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये तिकडच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी दहा हजार कुशल तरुण पाठवायचा करार केला, त्यात नर्सही आहेत. पण तिकडे नर्स म्हणून मान्यता मिळवायची तर जर्मन भाषा चांगल्यापैकी यावी लागते, आणि इथे वर्गात इंग्रजी पाठ्यपुस्तकाचं वऱ्हाडीत भाषांतर चालू असतं. तेव्हा आधी खामगाव-अकोल्याचं बोलू. सर्वोच्च न्यायालयाने सांगितल्यावरून नेमलेल्या केंद्राच्या समितीने २०१६ मध्ये शिफारस केली की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही नर्सला निदान वीस हजार द्या. हा आकडा तालुक्याच्या डॉक्टरांना ऐकवला की ते आधी स्वतःची नाडी पाहतात. सरकारी अधिपरिचारिकेचं मूळ वेतन ३५,४०० पासून सुरू होतं, पण त्या पदाची जाहिरात निघते, अर्ज भरले जातात, परीक्षा होते आणि मग सगळे निकालाची वाट पाहतात. म्हणजे सरकारी नोकरीची हमी द्यायची हिंमत सरकारचीही नाही. ती फक्त दुसऱ्या मजल्यावर मिळते.

जिन्यातून उतरताना दलालाने गाठलं. त्याचं म्हणणं, सीईटीची कटकट कशाला, थेट जागा देतो. इथे मला त्या माणसाचं कौतुक वाटलं. कारण जुलै २०२४ पासून महाराष्ट्रात आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी फी आणि परीक्षा फी सरकार भरतं, अट एवढीच की प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्याला ही माफी नाही. म्हणजे जी जागा फुकटात मिळू शकली असती, ती जमीन गहाण टाकून घ्यायला माणसाला तयार करणं ही साधी कला नव्हे. काकांना मी हे सांगितल्यावर त्यांनी दलालाला एवढंच विचारलं, "मंग काहून तं कटकट म्हंता तुमी?" दलालाला कचोरी आठवली.

काकांचा निर्णय झाला. पोरीने बीएस्सी नर्सिंगच्या सीईटीचा अभ्यास सुरू केला. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या यादीत नाव आहे का, परिषदेच्या संकेतस्थळावर चालू वर्षाची मान्यता आहे का, शुल्क नियामक प्राधिकरणाने कोणती फी मंजूर केली, हे तिने स्वतः मोबाईलवर पाहिलं. तिचं इंग्रजी संचालकांपेक्षा बरं आहे. पहिली पसंती सरकारी, मग बाकीची. खासगी यादीतून गाळली असं नाही. चांगली खासगी कॉलेजंही आहेत, स्वतःची रुग्णालयं चालवणारी आहेत. रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने शंभर वर्षांपूर्वी बायकांना नर्सिंग शिकायला पाठवलं तेही ससून रुग्णालयातच, दुकानावरच्या माडीवर नव्हे.

तर यंदा ज्यांच्या घरी हा प्रश्न आहे त्यांना विनंती: माहितीपुस्तक वाचू नका, संचालकांना भेटू नका, चहा तर मुळीच पिऊ नका. एखाद्या मंगळवारी सकाळी दहा वाजता, न सांगता, त्यांच्या रुग्णालयात जा. खाटा मोजा, खाटांवरची माणसं मोजा, त्यांच्याजवळ उभ्या असलेल्या विद्यार्थिनी मोजा. वरच्या वर्गातल्या मुलीला बाजूला घेऊन विचारा की शेवटची प्रसूती कधी पाहिली. फी कितीही वाजवी असो आणि फोटोला हार कितीही ताजा असो, पेशंट दिसले नाहीत तर मूळ कागदपत्रं पिशवीतून काढू नका. एकदा ती संस्थेच्या कपाटात गेली की परत मिळवायला यूजीसीची २०१८ ची अधिसूचना दाखवावी लागते, आणि तीही वाचणारा माणूस नेमका त्या दिवशी रजेवर असतो.

संस्थाचालकांनाही आमचा निरोप आहे. आमचं तुमच्या नफ्याशी भांडण नाही, तो तर कायद्याने नाहीच. तुम्ही पेशंट दाखवा, आम्ही त्याच दिवशी डीडी काढतो. पावती मात्र लागेल.