बनी तो बनी, नहीं तो परभणी

परभणीतल्या आमच्या जुन्या घराची न्हाणी नवी करायची ठरली. शहाबादी फरशीवर तीन पिढ्या टाचा घासून झाल्या. आता टाइल्स हव्यात, आणि पाणी अडवायला चार इंची कट्टा. घराखाली मात्र काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरची जमीन तिच्या मर्जीने उठते-बसते. त्यामुळे कट्टा एका टोकाला चार इंच, दुसऱ्या टोकाला अडीच. मिस्त्रीने लेव्हलची नळी पिशवीतच ठेवली, एक डोळा मिटला आणि म्हणाला, "नजरेत आहे सगळं, मालक."

कट्ट्याच्या माथ्याला आतल्या बाजूला ढाळ हवा, मीटरला दोन सेंटिमीटर, एवढं मी कुठूनसं शिकून आलो होतो. कट्टा दहा सेंटिमीटर रुंद, म्हणजे ढाळ दोन मिलिमीटर. मिस्त्री हसला. जगात जर्मनी आणि भारतात परभणी खरी, पण मिलिमीटर तिकडचे.

ढाळ त्याने दिला. सढळ हाताने दिला. बाहेरच्या बाजूला. पहिल्याच आंघोळीला देवघरातल्या देवांचंही परस्पर स्नान उरकलं.

मिस्त्रीला बोलावलं. त्याने उकिडवं बसून बराच वेळ निरखलं.

"कट्टा सरळच आहे, मालक. घर तिरपं आहे तुमचं."